मांत्रिकाच्या गैरहजेरीतला ठराव

रविवार, ९ जानेवारी १९९४. दु. ४.२०

ठरावाची वेळ मुद्दाम लिहून ठेवते. मी स्वयंपाकघरात या मंडळींच्याच भरितासाठी वांगी भाजत होते. बाहेरच्या खोलीत तिघांनी हात वर करून खेळातल्या माझ्या मांत्रिकाचे पंख छाटले. इथून पुढे मी मंत्र म्हटला की आधी फासा टाकायचा. वीस बाजूंचा हा फासा अकराच्या वर पडला तरच मंत्र लागणार. माझ्या मैत्रिणीच्या, कुमुदच्या, पुजारिणीला फासा नाही. तिचा देव म्हणे लगेच ऐकतो.

हेमंत म्हणाला, "मावशी, समतोल साधायचा होता." भाचा माझा, धुळ्याला कॉलेजात शिकवतो, दर रविवारी येऊन आमचा खेळ चालवतो: गोष्ट तो सांगतो, आम्ही आपापलं पात्र होऊन फासे टाकतो. सूत्रधार तो, राक्षस त्याचे, नियमही त्याचेच.

विलास बँकेतला. त्याचा योद्धा. सगळे राक्षस मीच संपवते ही त्याची तक्रार. म्हणे, "मावशी, बठ्ठा राक्षस तुम्हीच जाळतस, मंग आमनी तलवार काय कामनी?"

आमच्या कॉन्व्हेंट शाळेत चोरी केलेल्या मुलीलासुद्धा आधी उभं करून विचारत असत.

भरीत जरा करपलं. तिघांनी चाटूनपुसून खाल्लं.

मंगळ., ११ जाने.

नियमांची इंग्रजी झेरॉक्स पुन्हा वाचली. इंग्रजी या घरात मलाच नीट येतं, म्हणून दोन वर्षांपूर्वी या तिघांना सगळं समजावलं मीच.

पुजारीण: अंगात चिलखत, हातात गदा, जखमा बऱ्या करते, वर मंत्रही. माझा म्हातारा: एक काठी, एक झगा, दोन फटक्यांत आडवा. जमेला फक्त अग्निगोल आणि वीज, तेही म्हटले की संपले. झोपून उठल्याशिवाय परत येत नाहीत. मग हा भारी पडतो कसा?

दुपारी उलगडलं. हेमंतची सहाची बस! ती गाठायची म्हणून रविवारी एकच लढाई होते. पुढच्या रविवारी तो सुरुवातच करतो, "दुसऱ्या दिवशी सकाळी..." की माझे मंत्र सगळे ताजे. मी तासाभरात सगळे उधळते. कुमुद बिचारी पुढच्या लढाईसाठी राखून ठेवते, आणि ती लढाई कधी येतच नाही.

म्हणजे विलासची तक्रार खोटी नाही. याचाच जास्त राग येतो.

पण दोष मांत्रिकाचा नाही, बसचा आहे.

शुक्र., १४ जाने. संक्रांत

कुमुद तिळगूळ घेऊन आली. घेतला. गोड बोलायचं मात्र कबूल केलं नाही.

तिला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं तिनं, निवृत्त नर्स ती, ऐकायची सवय. मग म्हणाली, "अगं, मग तुलाच पटतंय ना तू भारी होतीस ते? सोड की."

"हात का वर केलास?"

"त्या दोघांनी केला, मी पण केला. खेळ आहे गं तो."

खेळ आहे. आठवड्यात तेवढे तीन तास कुणी मला गुडघे कसे आहेत विचारत नाही. पुढे काय करायचं ते विचारतात.

रवि., १६ जाने.

विहिरीपाशी प्रेतं उठली. तीन मंत्र, तीन वेळा फासा अकराच्या खाली. म्हातारा नुसता उभा.

विलास: "मावशी, मशाल तरी धरा!" हसले सगळे. मीही हसले, काय करणार.

मग हेमंत, अगदी प्रेमानं: "मावशी, तुझी पाळी येईपर्यंत चहा टाकतेस?"

टाकला. साखरसुद्धा बरोबर पडली.

चहा झाल्यावर माझा तोडगा मांडला. फासा काढा, पण फुकटची सकाळही काढा. खेळातला एक दिवस तीन रविवार चालू दे. संपले मंत्र की मी काठी घेऊन उभी राहीन, तक्रार करणार नाही. यात माझंही नुकसान आहे, ते मीच सांगितलं.

हेमंत घड्याळ बघत म्हणाला, "बघू." पिशवी उचलून गेला.

रवि., २३ जाने.

बघितलं त्यानं. येताच म्हणाला, "मावशी, एवढा त्रास होतोय तर तूही पुजारीणच घे ना. सोपी आहे."

विलास: "दोन्ही पुजारिणी! व्हयना समतोल."

कुमुद खाली बघून फासे पुसत बसली.

मी नाही म्हटलं. खेळले नाही. तरी चहा केलाच, हात आपोआप पातेल्याकडे गेला. माझ्यावाचून खेळ छान चालला. आतून ऐकू येत होतं.

सोम., २४ जाने.

हेमंतला आज पत्र टाकलं. मजकुराची नक्कल:

"चि. हेमंत, अ. आ. तोडग्याबद्दल 'बघू' हे उत्तर नाही. तो मान्य की अमान्य, आणि अमान्य असल्यास का, हे नियमाला धरून कळव. दुसरं, ज्याचं पात्र तो खोलीत नसताना ठराव करता येतो का? हो किंवा नाही, एवढंच. तोंडी नको, तोंडी तू गोड बोलतोस आणि मी विरघळते. रविवारच्या खेळाआधी, म्हणजे शनिवार, २९ जानेवारी, संध्याकाळी पाचच्या आत लेखी उत्तर माझ्या हातात पडलं पाहिजे."