गुणोत्तर मी शिकवलं

२ ऑगस्ट
पोरगी गणितात नापास. धडा गुणोत्तराचा. बाईंनी कळवलंय, पुढच्या चाचणीतही असंच झालं तर दुसऱ्या तुकडीत टाकू. म्हणजे जिवाभावाच्या मैत्रिणीशी ताटातूट. पोरगी उशीत तोंड खुपसून रडली. बायको म्हणाली, वर ताईंकडे पाठवूया का? ताई म्हणजे माझी थोरली बहीण. याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर. जन्मभर गणित शिकवून रिटायर झालेली. मी म्हटलं, मी काय मेलोय? उद्यापासून मीच शिकवणार.

३ ऑगस्ट
पहिला तास जबरदस्त. १२:१८. दोघांना ६ ने भागायचं, २:३. मग मी म्हटलं, २:३ काय नि ३:२ काय, घरातलीच माणसं. पोरगी म्हणाली, पण क्रम बदलला की अर्थ बदलतो ना बाबा? शंका काढायची खोड आईची.

५ ऑगस्ट
५० सेंटिमीटरचं २ मीटरशी गुणोत्तर. चुटकीसरशी काढलं, २५:१. पुस्तकात मागे १:४ दिलंय. छपाईची चूक. प्रकाशकाला खरमरीत पत्र लिहिणार.

८ ऑगस्ट
पत्र राहिलं. ऑफिसात फार काम.
पोरगी हल्ली संध्याकाळी ताईच्या कुंड्यांना पाणी घालायला जाते. संस्कार माझे.

११ ऑगस्ट
दिवसभर धो धो पाऊस. तरी पोरगी कुंड्यांना पाणी घालून आली. केवढी निष्ठा! माझा तास पावसामुळे रद्द. तास घरातच असतो, पण मूड लागतो.

१९ ऑगस्ट, दुपारी
वीसपैकी एकोणीस!! तुकडी वाचली. ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला. हेडक्लार्कने विचारलं, कुठली पद्धत? म्हटलं, स्वतःची. क्लासच काढावा का? बोर्ड निळा.

१९ ऑगस्ट, संध्याकाळी ७
ताईला खिजवायला तीन मजले चढलो. एरवी मी जिने चढत नाही.
गॅलरीत एकही कुंडी नाही.
भिंतीला फळा. त्यावर ताईचं अक्षर : 'आधी एकक सारखं करा.' ताई म्हणाली, "बस. पाणी पी. कधीतरी कळणारच होतं."
खाली येऊन बायकोला जाब विचारला. भाजी चिरता चिरता म्हणाली, "मीच पाठवत होते." मान वरसुद्धा केली नाही. म्हणजे कट! सख्खी बहीण, लग्नाची बायको, पोटची पोरगी. घरात फितूर नाही असा फक्त मी.
पोरीला विचारलं, मग माझ्यासमोर रोज का बसायचीस? ती म्हणाली, "शिकवताना तुम्ही किती खूश असता. मला सांगवेना, बाबा."
विश्वासघातही असा, की धड चिडता येत नाही.
(५० सेंमी, २०० सेंमी. १:४. पत्र राहिलं ते बरं झालं.)

२० ऑगस्ट
निषेध म्हणून दिवसभर अबोला. संध्याकाळी बायको म्हणाली, आज घरात किती बरं वाटतंय.

२२ ऑगस्ट
पुढचा धडा शेकडेवारी. उद्यापासून ताई खाली येऊन शिकवणार. मीही बसणार, असं ठणकावून सांगितलं. शेवटी घर माझं आहे. पोरीची एकच अट, बाबांनी मध्ये बोलायचं नाही.
मान्य केली. तात्पुरती.