०.८३ कुठून आला?

सर,

तुमचा पुराचा अंदाज बांधणारा प्रोग्रॅम तपासायला नेमका माझ्याकडेच आलाय. तपासणाऱ्याचं नाव तुम्हाला कळत नाही, हे किती बरं!

त्याच्या माहितीपुस्तिकेतून तुम्ही माझं नाव काढलंत, सोबत माझ्या टिपाही उडवल्यात. आता प्रोग्रॅममध्ये ०.८३ हा आकडा एकटाच उभा आहे. तो कशासाठी, कुठून आला, याबद्दल एक अक्षर नाही. नदीतल्या गवतामुळे पाण्याचा वेग मूळ वेगाच्या तेवढाच पट उरतो. दोन वर्षं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून मी तो मोजला, तेव्हा तुम्ही काठावरून ओरडत होतात, "अगं, आटप लवकर!"

शेऱ्यात मी एवढंच लिहिलंय, 'हा आकडा कसा काढला ते सांगा, तोवर मंजुरी नाही.' बसा आता डोकं खाजवत.

हे पत्र मात्र पाठवणार नाही. उत्तर यात आहे ना!

तुम्हीच खोडलेली,
विद्यार्थिनी