तापलेली गाडी किती वेळात थंड होते

बॉथेल, वॉशिंग्टन
२१ फेब्रुवारी २००६

प्रिय उल्हास,

सप्रेम नमस्कार. तुझं आणि मालिनीवहिनींचं बरं चाललं असेल असं धरून चालतो. गुडघ्याचं काय झालं ते कळव. माझी तब्येत ठणठणीत आहे, थंडी सोसते, सूनबाई आश्लेषा दोन्ही वेळा गरम जेवायला घालते. पण आज तुला इतकं सांगायचंय की कुठून सुरुवात करू तेच कळत नाही. हात भराभर चालतोय, अक्षर लावून घे.

आधी विक्रमचं सांगतो, कारण तू पहिलं तेच विचारशील. मी येऊन तीन आठवडे झाले. बोलावणं सुनेचं होतं, मुलाचं नव्हतं, हे तुला ठाऊक आहे. सरला, त्याची आई, गेल्यापासून तेरा वर्षं हा माझ्याशी कामापुरतं बोलतो. इथेही तेच. "बाबा, हीटर वाढवू का? बाबा, गोळी घेतली का?" एवढं विचारून लॅपटॉप उघडायचा. त्याने एकदा तरी माझ्याशी मोकळं बोलावं, एवढ्यासाठी मी या वयात विमानात आखडून बसून आलो. तीन आठवडे टीव्हीवरचं हवामान बघत होतो.

शनिवारी आश्लेषाने आम्हा दोघांना घराबाहेरच काढलं. म्हणाली, "मी येत नाही, बुकिंग दोघांचंच केलंय." दोन तासांवर डोंगर आहेत, तिथे बर्फावर चालणारी गाडी भाड्याने मिळते. स्नोमोबाइल म्हणतात. उल्हास, काय गाडी आहे म्हणून सांगू. चाकं नाहीत. पुढे दोन घसरपट्ट्या, मागे रुंद रबरी पट्टा, वर मोटरसायकलसारखी सीट आणि हँडल. एकतीस वर्षं एसटी चालवली, वरंधा घाट किती वेळा चढलो-उतरलो ते मोजलं नाही, पण ही बघून माझे हात शिवशिवायला लागले.

दुकानदार विक्रमला इंग्रजीत सूचना देत होता, तेवढ्यात मी गाडीभोवती फिरून तपासणी उरकली. सवय जात नाही. बघतो तर घसरपट्ट्यांच्या मागे, दोन्ही बाजूंना, बारीक पोलादी काड्या लोंबत होत्या आणि त्यांची टोकं बर्फावर घासत होती. मनात म्हटलं, अमेरिका अमेरिका म्हणतात, आणि गाडी अशी लोंबत्या सामानासकट बाहेर काढतात. माझ्या खिशात सुतळी असतेच. दोन्ही काड्या वर घेऊन आपल्या डेपोच्या पद्धतीने आवळून टाकल्या. विक्रमला काही बोललो नाही, बोलायची सवयच नव्हती.

निघालो. तो पुढे, मी मागे त्याला धरून. तो सोळा वर्षांचा असल्यापासून मी त्याला हात लावला नव्हता, आता अंगावरचे जाडजूड कपडे मध्ये असले तरी घट्ट धरून बसलो होतो. वारा असा की डोळ्यांतून पाणी, आणि वेग असा की मी हेल्मेटच्या आत एकटाच हसत होतो. विक्रम मधूनमधून कडेच्या भुसभुशीत बर्फात गाडी घालायला बघायचा. मी खांद्यावर थाप मारून त्याला मधल्या, मशीनने दाबून कडक केलेल्या रस्त्यावर आणायचो. समोर चांगला रस्ता असताना गाडी चिखलात कोण घालतं? त्याने ऐकलं. पाच-सहा मैलांवर लाल दिवा लागला.

"बाबा, इंजिन ओव्हरहीट झालंय. मी बंद करतोय." तो उतरला, वाकला, आणि सुतळीकडे बघत राहिला. "हे कोणी बांधलं?"

"मी."

"बाबा, त्या काड्या खाली ठेवायच्या असतात. दुकानदाराने दोनदा सांगितलं."

मग त्याने समजावलं. या गाडीचं गरम पाणी पाय ठेवायच्या फळीखालच्या नळ्यांतून फिरतं. मागचा पट्टा बर्फ उडवतो, तो नळ्यांवर बसतो, आणि त्यानेच इंजिन थंड राहतं. कडक रस्त्यावर बर्फ उडत नाही. म्हणून त्या काड्या रस्ता खरवडून भुगा उडवतात. काड्या मी बांधल्या, कडक रस्ता मी धरायला लावला. एकतीस वर्षांचा अनुभव मी असा कामाला लावला होता. आणि उल्हास, विक्रम हसला. गुडघ्यांवर हात ठेवून, दम लागेपर्यंत हसला. मला त्याचं ते हसणं आठवतसुद्धा नव्हतं.

मग आम्ही दोघं कामाला लागलो. सुतळी कापली, ओंजळीओंजळीने मऊ बर्फ आणून नळ्यांवर थापला. वाफ येत होती, चरचर आवाज येत होता. दहा मिनिटांत काटा खाली. मी इतका खुशीत होतो की तोंड सुटलं. "पाण्याचं झाकण उघडलं नाहीस हे बरं केलंस. तापल्यावर झाकणाला हात लावायचा नाही. तुझी ही गाडी दहा मिनिटांत गार झाली. आमची एसटी घाटात तापली की अर्धा तास, फार तर पाऊण. झऱ्याचं पाणी आणायचं, हळूहळू ओतायचं, निघायचं. कुठलीही गाडी त्यापेक्षा जास्त वेळ मी अडकू दिली नाही."

विक्रम बर्फ थापायचा थांबला. म्हणाला, "आई गेली त्या दिवशी तुमची गाडी चार तास तापली होती."

इतकी वर्षं त्याने हा हिशेब केला नव्हता, कारण गाडी किती वेळात थंड होते हे त्याला माहीत नव्हतं. ते मीच फुशारकी मारत सांगितलं.

तू त्या दिवशी माझ्याबरोबर होतास, तरी लिहितो, कारण आपण दोघांनी हे कधी तोंडाने म्हटलेलं नाही. महाडच्या स्टँडवर भोरहून निरोप आला होता, सरलाला दवाखान्यात नेलंय, लगेच या. बाराची गाडी आपली होती, मी ड्रायव्हर, तू कंडक्टर. ती मी दुसऱ्या ड्रायव्हरला दिली आणि चारच्या गाडीने निघालो. सरला साडेपाचला गेली, मी सातला पोचलो. बाराला निघालो असतो तर तीनपर्यंत तिच्याजवळ असतो. घाटात गाडी तापली असं मी सगळ्यांना सांगितलं आणि तू मान डोलावलीस. खरं एवढंच की तिला जाताना बघायची माझी छाती झाली नाही. मी भ्यालो.

तिथे बर्फात उभं राहून हे सगळं मी विक्रमला सांगितलं. तो पाठ करून बसला. मग म्हणाला, "मी आईला शेवटपर्यंत सांगत होतो, बाबा निघालेत, घाटात असतील." परतताना त्याने गाडी कडेच्या मऊ बर्फातून चालवली. या वेळी मी खांद्यावर थाप मारली नाही.

तुला वाटेल आता सगळं संपलं. अरे, उलट झालंय. परवापासून तो माझ्याशी भांडतोय. चहा घेताना भांडतो, जेवताना हात थांबवून भांडतो, ऑफिसमधून फोन करून विचारतो, "त्या चार तासांत तुम्ही जेवलात का?" मी सांगितलं, हो, जेवलो. त्याने फोन आपटला आणि संध्याकाळी पुन्हा पुढचं विचारायला माझ्यासमोर येऊन बसला. आश्लेषा घाबरली आहे. मी नाही. तेरा वर्षं जो हीटरपलीकडे बोलला नाही तो माझ्यावर ओरडतोय, आणि मला सकाळी कधी उठतो असं होतं. त्याने माफ केलेलं नाही. करेल की नाही सांगता येत नाही.

आता तुझ्याकडे काम. त्याला तुझ्याशी बोलायचंय. मी म्हटलं, माझं पत्र पोचू दे, म्हणून १२ मार्चच्या रविवारी सकाळी तो तुला फोन करेल. घरीच थांब. मला सांभाळून घेऊ नकोस, विचारेल ते सांग. एक गोष्ट मी त्याला सांगू शकलेलो नाही. बाराच्या गाडीच्या वेळी तू मला दोनदा हाताला धरून उठवलंस, "एक्या, ती वाट बघतेय, चल" म्हणालास, आणि मी तुझा हात झटकला. त्याने नाही विचारलं तरी हे त्याला सांग. माझ्या तोंडून ते निघत नाही.

तेरा वर्षं तुला खोट्यात धरून ठेवणारा,
तुझा
एकनाथ