मिस थॅकवेल यांच्या नावाची समुद्रकाकडी

प्लिमथ, मंगळवार

प्रिय उर्सुलाताईस,

धाकट्या सेप्टिमसचा नमस्कार. तुझा खोकला उतरला असेल आणि भाऊजींचा गुडघा त्यांना चर्चच्या पायऱ्या चढू देत असेल, अशी आशा आहे. माझी तब्येत ठणठणीत आहे. फक्त तोंड दाखवायला जागा उरलेली नाही.

टॅबिथाशी माझं लग्न तिच्या मावशीच्या, म्हणजे मिस थॅकवेल यांच्या, होकारावर अडलं आहे, हे तू जाणतेसच. त्यांना खूश करावं म्हणून आमच्या शास्त्रातला सर्वांत मोठा मान मी त्यांना द्यायचं ठरवलं. (नवा प्राणी सापडला की त्याला उपकारकर्त्याचं नाव देतात, आणि मावशींनी मला होडी वापरायला दिली होती.) गेल्या महिन्यात समुद्राचा तळ खरवडताना जाळ्यात एक समुद्रकाकडी (काकडीच्या आकाराचा मऊ सागरी प्राणी) आली, आजवर कोणी न पाहिलेली. तिला मावशींचं नाव दिलं आणि काल प्राणिशास्त्र मंडळाच्या सभेत निबंध वाचला. स्त्रियांनाही आमंत्रण होतं. मावशी तपकिरी रेशमी झग्यात पहिल्या रांगेत.

ताई, नावाला टाळ्या पडल्या. मग वर्णन आलं. त्यात मी इतका रमलो, की डोकं वर केलंच नाही. 'शरीर थुलथुलीत, रंग तपकिरी, कातडीवर चामखिळी. दिवसभर चिखल गिळते. डिवचल्यास स्वतःची आतडी शत्रूच्या अंगावर फेकते.' मागून कॅप्टन ब्लिथ ओरडले, "अगदी हुबेहूब!" सभागृह हसलं. मला वाटलं, माझ्या चित्राचं कौतुक चाललंय. मी वाकून आभार मानले.

दारात टॅबिथा रडत म्हणाली, "अहो, एखादं फुलपाखरू नव्हतं का मिळत?"

"समुद्रात फुलपाखरं नसतात," मी म्हणालो. (हे बोलायला नको होतं.)

"मग जमिनीवर शोधायचं!"

मावशी एवढंच म्हणाल्या, "तुमची नजर फार बारीक आहे हो, मिस्टर पेनरोझ." आज सकाळी पाव आणायला गेलो, तर बेकरीवाली विचारते, "आणि मावशींना काय देऊ? चिखल?" पाव तिथेच टाकून पळालो.

तुझा ओशाळलेला भाऊ,
सेप्टिमस

ता. क. मावशींचा निरोप आला आहे: नाव काढलं तर होकार, छापलं तर कायमचा नकार. एकदा छापलेलं नाव आमच्यात कोणालाही बदलता येत नाही, आणि निबंध आजच छापखान्यात जातोय. बिननावाचा प्राणी छापत नाहीत. कॅप्टन ब्लिथना विचारलं, तुमचं नाव देऊ का. त्यांनी काठी उगारली. लहानपणी तू मला पोहायला शिकवलंस, म्हणजे उपकारकर्ती तूही आहेसच. तर तुझं नाव देऊ का?

ता. क. २. छापखान्याचा माणूस दारात खोळंबला होता, म्हणून उत्तराची वाट पाहिली नाही. वर्णन शास्त्रीय असल्याने त्यात एक अक्षरही बदलता आलं नाही. ताई, तू अजरामर झालीस. भाऊजींना हे कोणी सांगायचं, ते मात्र तू ठरव.