मूठ उचलताना लागणारा जोर

डोंबिवली,
दि. १४ सप्टेंबर १९९१

प्रिय देवराम,

अकरा वर्षांनी माझे अक्षर पाहून तू पत्र बाजूला सारशील. तरी शेवटपर्यंत वाच. कोपरचे तुझे घर येथून पायी वीस मिनिटांवर. पण समोर आलो तर मीच बोलत सुटेन, म्हणून लिहितो.

वडिलांच्या रायफलीच्या परवान्याचे नूतनीकरण करण्यासाठी ठाण्याला सहा खेपा झाल्या. आजवर कागद पाहूनच शिक्का पडत असे. यंदा शस्त्र समक्ष मागितले. क्रमांक पाहून तेथील तरुण कारकून म्हणाला, "आजोबा, ही तुमची नाहीच." साठ वर्षे त्रिकाळ संध्या करणाऱ्या माणसाला त्याने चोर ठरवले! मी अर्ज केले, भांडलो, उपाशीपोटी रांगेत उभा राहिलो. महिनाअखेर उलगडा झाला नाही, तर रायफल जप्त होईल.

संतापून रायफल घेऊन कल्याणच्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या रतन कारागिराकडे गेलो. तो म्हणाला, "गुरुजी, काडतूस आत सारणाऱ्या या दांड्याची, बोल्टची, मूठ वर उचला. जोर लागतो ना? म्हणजे नवी घडण. जुनीत तो जोर पुढे ढकलताना लागतो. आणि हा बघा, बोल्टच्या मागच्या बाजूला तिसरा उंचवटा. जुनीला पुढचे दोनच. परवान्यावर तर जुनी लिहिलीय." मी म्हटले, परवाना चुकला असेल. तो हसला. "आणि रायफलीचा क्रमांकही सोयीने चुकला?"

घरी येताना अकरा वर्षांपूर्वीचा तो दसरा आठवला. माझे वडील जंगलखात्यात, तुझे वडील गुणाजीकाका त्यांचे वाटाडे. खात्याच्या गोऱ्या साहेबाने निरोप घेताना दोघांनाही एकेक माउझर रायफल दिलेली. दिसायला जुळी. दरवर्षी आमच्याकडे एकाच पाटावर दोन्हींची पूजा होई. पूजा उतरवून शस्त्रे मी ज्याच्या त्याच्या हाती देत असे. त्या वर्षी तू म्हणालास, "त्र्यंबक, ती माज्या बाची हाय. मूठ उचलून बघ, हाताला कळंल." मी हातही लावला नाही. भरल्या घरात म्हणालो, "साहेब नवी रायफल वाटाड्याला देईल होय?" आणि दुसरी तुझ्यापुढे धरली. देवापुढून उचलून दिलेले शस्त्र नाकारायचे नाही, ही आपली रीत. तू दोन्ही हात पुढे केलेस, नमस्कार केलास आणि गेलास. पुन्हा उंबरा चढला नाहीस.

मी चाळीस वर्षे अहंकारावर प्रवचने केली, देवराम. मूठ एकदा उचलायची होती, तेवढे जमले नाही.

काल कार्यालयात लेखी जबाब दिला: नवी रायफल गुणाजीकाकांची, अदलाबदल माझ्या हातून झाली. त्याखाली तुझी सही लागेल. ती करायची की नाही, तूच ठरव. मात्र पाट मी आताच धुऊन ठेवला आहे. या दसऱ्याला पूजा तू कर. शस्त्रे तू उचल. मी दोन्ही हात पुढे करीन. जी देशील ती घेईन.

तुझाच अपराधी,
त्र्यंबक