चारशे बारा पाकिटं

मी, खाली सही करणारी बाई, वय एकोणऐंशी पूर्ण, शिक्षण तिसरी पास आणि चौथी अर्धी, पूर्वीचं काम शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काजं-बटणं, हल्लीचं काम बसून राहणं, असं लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी काल तपासून पाहिलं. त्यांनी विचारलं, "आज वार कोणता?" मी म्हटलं, "शुक्रवार. उद्या बॅकअप." ते म्हणाले, "ते कशाला सांगता?" मी म्हटलं, "वार लक्षात राहतो तो त्याच्यामुळेच." त्यांनी तसा कागद लिहून दिला, तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात दुसरं माणूस तर पाहिजे.

हे मी आधी वहीत लिहिलं आणि कोर्टाबाहेर बसणाऱ्या टाइपवाल्याकडून नीट करून घेतलं. तो म्हणाला, "आजी, मृत्युपत्रात मालमत्ता लिहायची असते, गोष्टी नाही." मी म्हटलं, "माझी मालमत्ता गोष्टीत गुंतलीय बाबा, सोडवून कशी देऊ?" मग तो गुमान टाइप करायला लागला. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलेलं कुठे सापडलं तर ते माझं नाही.

कलम पहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, ओटा आणि गॅलरी थोरल्याला, म्हणजे माझ्या एकुलत्या एक मुलाला. बाहेरचं दार थोडं उचलून लावायचं, ओढायचं नाही. हे मी त्याला तो सात वर्षांचा असल्यापासून सांगते आहे. आता कागदावर आलं म्हणजे तरी ऐकेल. बँकेत जे काही निघेल ते थोरला आणि नात यांनी अर्धं अर्धं घ्यावं आणि त्यावरून एकमेकांना फोन करणं बंद करू नये.

कलम दुसरं. शिलाई मशीन आणि मोठी कात्री सूनबाईला. कात्रीने कागद कापायचा नाही. सूनबाई हाताची चांगली आहे, माझं सगळं करते, तक्रार नाही. फक्त तिने एकदा माझ्या कॉम्प्युटरवर फुलदाणी ठेवली होती, पाणी भरलेली. "डबा नुसता मोकळा दिसतो," म्हणाली. मी तेव्हा काही बोलले नाही. आता बोलले.

कलम तिसरं. गॅलरीतल्या अकरा कुंड्या समोरच्या दारच्या शेजारणीला. तिला मी साक्षीदार करणार होते, पण टाइपवाला म्हणाला, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. मी तिला विचारलं, "कुंड्या हव्यात की सही करायचीय?" ती म्हणाली, "कुंड्या." विचार करायला एक क्षणसुद्धा घेतला नाही.

कलम चौथं. कारखान्यातल्या मुकादमाला काही नाही. त्याने माझी दोनशे काजं सगळ्यांसमोर उसवून टाकली होती, वाकडी आहेत म्हणून. खडूच्या खुणा त्याच्याच माणसाने वाकड्या मारल्या होत्या. मी खुणेवर विसंबून शिवत गेले, एकदाही मागे वळून पाहिलं नाही, एवढंच माझं चुकलं. त्याला मी माफ केलेलं नाही. तो वारला असला तरी हे कलम लागू आहे.

इथपर्यंत टाइप. पाचवं कलम मी टाइपवाल्याला दिलं नाही. ते मी माझ्या हाताने लिहिते आहे, कारण ते माझ्या नातीसाठी आहे आणि ते तिने माझ्या अक्षरात वाचावं. म्हणून अक्षर मोठं काढते.

कलम पाचवं. नाती, तुला मी तुझ्या आईची पत्रं देईन असं कबूल केलं होतं. एकविसावा वाढदिवस झाला की ये आणि घेऊन जा, असं म्हटलं होतं. ती पत्रं नाहीत.

हे फोनवर सांगता आलं नाही. मागच्या महिन्यात तू म्हणालीस, "आजी, मला आता जोडाक्षरं पण येतात. आईची पत्रं मी स्वतः वाचणार, कोणी वाचून दाखवायची नाहीत." मग विचारलंस, "सगळी आहेत ना गं?" मी म्हटलं, "चारशे बारा." आकडा खरा आहे. तू हसलीस, मीही हसले. मला तुझं इतकं कौतुक आहे, पोरी, की काय सांगू. परक्या मुलखात वाढलेली मुलगी दोन वर्षं खपून आपली अक्षरं शिकते, ती कशासाठी, हे मला माहीत होतं, आणि मी हसले.

आता नीट सांगते, पहिल्यापासून.

तुझी आई नर्स होऊन लांब गेली तेव्हा तुझ्या आजोबांनी कॉम्प्युटर घेतला. ते बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत होते, भोंग्यावरून गाड्या पुकारायचे. कॉम्प्युटरवर पत्रांचा प्रोग्राम होता. पत्र आलं की मला ओट्यापासून बोलवायचे, ते तसल्याच आवाजात. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, लेकीचं पत्र फलाटावर लागत आहे." मी हात पुसत येऊन बसायची आणि ते वाचायचे. मला वाचता येतं, पण सावकाश, बोट ठेवून. तेवढ्या वेळात दुसरं पत्र येईल, असं ते म्हणायचे.

कॉम्प्युटर जुनाच घेतलेला, सारखा भरायचा. मग त्यांनी प्रोग्राममध्ये कुठेतरी एक खूण केली, की पत्रांचे फक्त मथळे आपल्याकडे ठेव, आतला मजकूर मेलच्या कंपनीकडे राहू दे, बोट लावलं की तारेवरून येईल. कॉम्प्युटर हलका झाला. ते खूश झाले. ही खूण मला माहीत नव्हती. त्यांच्याही ती पुढे लक्षात राहिली नसावी.

मला त्यांनी बॅकअप शिकवला. पुठ्ठ्यावर लिहून टेबलाला चिकटवून दिलं: फाईलवर जा, निर्यात कर, डिस्क निवड, होय म्हण. तिसरी पास बाई मी, पण एक शनिवार चुकवला नाही. शेजारणीला बोलावून दाखवायची. "बघ हं," म्हणायची, "बारा सेकंद." दूध उतू जायच्या आत माझा बॅकअप व्हायचा, याचा केवढा तोरा होता मला.

तू सहा वर्षांची असताना तुझी आई गेली. त्यानंतर सहा वर्षांनी आजोबा गेले. थोरला म्हणाला, "आई, इंटरनेटची तार असू दे." मी म्हटलं, "आता कोण लिहिणार आहे मला? पत्रं तर पेटीत आहेत आणि पेटी डिस्कवर आहे. तारेचं काय काम?" तार मी काढायला लावली. तो दोनदा म्हणाला होता, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवते.

वर्षभर कोणी उघडली नाही म्हणून मेलच्या कंपनीने आमची पेटी रिकामी केली. तसा त्यांचा नियम होता. त्यांनी आधी कळवलंही असणार, पण कळवणार ते त्या पेटीतच.

आणि मी काय करत होते? दर शनिवारी बारा सेकंद. मथळ्यांची यादी तर दिसत होती, तारखेवार, तुझ्या आईचं नाव प्रत्येक ओळीला. एकाही ओळीवर बोट लावलं नाही. वाचायचं काम त्यांचं होतं. त्यांच्या आवाजाशिवाय ती पत्रं उघडायचा मला धीर झाला नाही. उद्या नात येईल, ती वाचेल, आपण ऐकू, असं आठ वर्षं म्हणत आले.

गेल्या साली कॉम्प्युटर बंद पडला. मी घाबरलेसुद्धा नाही. डिस्क पिशवीत घातली आणि कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. पन्नाशीचा आहे, कानाने जरा कमी ऐकतो. त्याने दुसरा कॉम्प्युटर दिला, तोच प्रोग्राम घातला आणि डिस्कवरचं सगळं परत त्यात आणलं. ओळीन् ओळ आली. मी त्याला म्हटलं, "बघा, काही सुटलं नाही." त्याने पहिल्या ओळीवर बोट लावलं. पान पांढरं. खाली लिहून आलं, मजकूर या कॉम्प्युटरवर ठेवलेला नाही.

त्याने दुसरं उघडलं. मग मधलं एक, मग शेवटचं. मग चष्मा काढून पुसत बसला.

"आजी, बॅकअपला किती वेळ लागायचा?"

"बारा सेकंद."

"फोटोंसकट चारशे पत्रांना बारा सेकंद?"

"वेगात होतो, असं मी सगळ्यांना सांगायची."

"ही नुसती पाकिटं आहेत, आजी. आत पत्र नाही."

चार महिने त्याने खटपट केली. बंद पडलेला कॉम्प्युटर उघडला, कंपनीला लिहिलं. कंपनीचं उत्तर आलं ते दोन ओळींचं. काही उरलेलं नाही, तुझ्या आईच्या पेटीतही नाही. त्याला मी काही ठेवायचं म्हटलं तर म्हणाला, "मला साक्षीदार करा, म्हणजे प्रश्नच मिटला."

आता मथळ्यांबद्दल. मी ते सगळे वहीत उतरवले, बोट ठेवून, तीन आठवडे लागले. डावीकडे मथळा, उजवीकडे आजोबांनी वाचलेलं मला जे आठवतं ते. "पोचले" याच्यासमोर लिहिलंय, की खोलीला खिडकी आहे पण ती भिंतीकडे उघडते. "मुलगी झाली" याच्यासमोर पान भरून आहे, ते तुझंच आहे. बऱ्याच ठिकाणी उजवीकडे काहीच नाही. आठवत नाही, पोरी. ऐकताना वाटलं होतं, लिहिलेलं आहे तर लक्षात कशाला ठेवायचं.

शेवटच्या सोळा पत्रांपाशी मात्र मी अडले. पहिल्याचा मथळा आहे, "बाबा, हे आईला वाचून दाखवू नका." तो मंगळवार मला आठवतो. आजोबा म्हणाले, "आज पत्र नाही, तार बिघडलीय," आणि गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घातलं. थोड्या वेळाने पुन्हा घातलं. त्याच्या पुढचे मथळे आहेत, "रिपोर्ट", "दुसरा रिपोर्ट", "बाबा, पुन्हा तेच", "तिला कसं सांगू". आणि ही पत्रं आली त्या चार महिन्यांत मला त्यांनी काय वाचून दाखवलं? नवे पडदे. तुझा पडलेला दात. बागेत आलेली खार, जी तुझ्या हातातलं बिस्कीट घेऊन पळाली. त्याच भोंग्याच्या आवाजात. जन्मभर रद्द झालेली गाडी आणि वेळेवर आलेली गाडी एकाच सुरात पुकारलेला माणूस, मला आवाजावरून काय कळणार होतं.

म्हणजे पुढची पंधराही त्यांनी मनाने रचली. खार होती का नव्हती, ते तुला आठवत असेल तर बघ. मला आता हेही कळत नाही, की आधीच्या पत्रांतलं किती तुझ्या आईचं आणि किती त्यांचं. तुझी आई आजारी आहे हे ती गेल्यावर मला कळलं. मी तिला एक शब्दही विचारला नाही. ती मनात म्हणत असेल, बाबांनी सांगितलं नाही, बरं झालं. किंवा म्हणत असेल, आईने विचारलंसुद्धा नाही. यातलं काय, ते त्या सोळा पाकिटांत होतं.

त्यांच्यावर मी रागावू का, हे मी ठरवू शकले नाही. मुकादमाचं सोपं होतं.

तर वही तुला. डिस्क तुला, कापडी पिशवीसकट. पुठ्ठा टेबलालाच राहू दे, काढताना फाटेल. वहीत त्या मंगळवारच्या मथळ्यासमोरचं पान कोरं आहे. तिथे मी काही लिहिलं नाही, तूही लिहू नकोस. तू शिकलेली अक्षरं वाया गेली असं म्हणू नकोस, असं मला म्हणायचं होतं, पण ज्यासाठी शिकलीस ते नाही, हे माझ्याच्याने लपववत नाही. निदान हे एवढं पान तुला आधाराशिवाय वाचता आलं असेल. मला फार आवडलं असतं ऐकायला.

आज शनिवार. साक्षीदार येऊन बसलेत. दुरुस्तीवाला विचारतोय, "आजी, झालं का?" मी म्हटलं, "सही करते, मग बॅकअप घेते, मग चहा टाकते." तो म्हणाला, "अजून घेता?" डॉक्टर म्हणाले, "घेऊ द्या त्यांना. बारा सेकंदांचं तर काम."

वरील सर्व मी वाचलं, बोट ठेवून, आणि ते माझंच आहे.

सही: (स्वतःच्या हाताने, पूर्ण नाव, अंगठा नाही)

साक्षीदार पहिला: कॉम्प्युटर दुरुस्तीवाला, कोपऱ्यावरचं दुकान. सही.
साक्षीदार दुसरा: डॉक्टर, तळमजला. सही.

ठिकाण: बाहेरची खोली, कॉम्प्युटरचं टेबल.
तारीख: डॉक्टरांनी वर घातली आहे. वार शनिवार.