निवडलेल्या डाळीतले खडे

माय, आज डॉक्टरांनी मला ज्वारीची भाकर खायला सांगितली. रक्तातली साखर वाढली आहे, पोळी कमी करा, अंबाडी, मेथी, मिळेल तो पाला खा, रोज अर्धा तास चाला आणि घरातली कामं हातानं करा, नुसत्या बसून राहू नका. वयानं माझ्या विद्यार्थ्यांएवढे, पण बोलत होते तुझ्या चुलीपुढून उठून आल्यासारखे. मला हसू आलं. मग दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ते हसू मावळलं, कारण हे सगळं तू करत होतीस, आणि ते बंद पाडणारी मी होते.

बाबा गेल्यावर मी तुला राळेगावकडच्या खेड्यातून यवतमाळला माझ्या घरी आणलं. तोवर तू कापूस वेचत होतीस, पाणी शेंदत होतीस, बाजाराला पायी जाऊन पायी येत होतीस. मी शाळेत मास्तरीण, नव्या लेआउटमध्ये घर, नळाला पाणी, धुण्याभांड्याला बाई. मोठ्या अभिमानानं तुला म्हटलं होतं, "माय, लय केलं तू. आता फक्त बसायचं." तू मान हलवलीस. पण चार दिवसांनी सकाळी रिकाम्या प्लॉटांतून पदरात तरोट्याचा कोवळा रानपाला खुडून घेऊन आलीस, आणि शेजारीण फाटकातून बघत होती. मी लाजेनं लाल. "लोक काय म्हणतील? मॅडमची माय रस्त्यावरचा पाला खाते?" तू म्हणालीस, "रस्त्यावरचा नाई वं, जमिनीतला हाये." लसूण घालून केलेली ती भाजी मी दोन भाकरींबरोबर खाल्ली आणि हात धुतल्यावर तुला सांगितलं, उद्यापासून बाहेर जायचं नाही. तू ऐकलंस. इतकी वर्षं वर्गावर होते, पण तुझ्याएवढं माझं कोणी ऐकलं नाही.

त्यानंतरची ती डाळ. मी किराण्याच्या दुकानातून निवडलेली तुरीची डाळ आणायची, तरी शाळेतून यावं तर तू दारात सूप घेऊन बसलेली, आणि शेजारी वाटीत खडे. डोळ्यांनी तुला कमी दिसायचं, म्हणून चहा होईपर्यंत मीही टेकायची आणि तुझ्या नजरेतून सुटलेले खडे काढायची. तू गावच्या गोष्टी सांगायचीस. कोणाची म्हैस व्याली, कोणाची सून नांदायला आली. पुढे एकदा माझं डोकं फिरलं आणि मी दुकानदाराशी जाऊन भांडले. तो बिचारा गळ्याची शपथ घ्यायला लागला. आणि दोन दिवसांनी शाळा लवकर सुटली तेव्हा मी फाटकातूनच पाहिलं. तू जास्वंदाच्या कुंडीतून बारीक खडे वेचत होतीस आणि स्वच्छ डाळीत टाकत होतीस.

मी केवढी ओरडले! चोर पकडल्यासारखी. "काहून करतं तू असं? दात पडला असता कोणाचा!" तू सूप मांडीवर घेऊन खाली बघत होतीस. "खडे नाई निघाले तं मी दिवसभर करू काय वं?" एवढंच म्हणालीस. दुसऱ्या दिवसापासून सूप माळ्यावर गेलं. तुझी खाट खिडकीपाशी आली, आणि मी घरी आले की चहा हातात घेऊन थेट वह्या तपासायला बसू लागले, कारण दारात बसायचं आता काही कारण उरलं नव्हतं. आधी तुझे गुडघे धरले, मग कंबर. दुसऱ्या दिवाळीपर्यंत तुला खाटेवरून उठवायला दोन माणसं लागत. वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. पण माय, तुला मी बसवलं होतं, आणि तू बसलीस ती उठलीच नाहीस.

आता घरात मी एकटीच आहे. मुलगा पुण्याला. त्यानं मला एक घड्याळ पाठवलं आहे, ते पावलं मोजतं आणि आकडा तिकडे त्याच्या मोबाईलवर दिसतो. पावलं पुरी झाली की तो अंगठ्याचं चित्र पाठवतो, एवढंच. कमी पडली तर मात्र फोन येतो. "आई, आज पाचशेच? काय करून राह्यली तू दिवसभर?" रागावला की त्याच्या बोलण्यातलं पुणं गळून पडतं. मग जेवलीस का, भाकरच खाल्ली ना, असं विचारत पाच-दहा मिनिटं बोलतो. मध्येच त्याची लेक फोन ओढून घेते आणि मलाच दटावते.

मी रोज चालते, माय. लेआउटला दोन फेऱ्या मारते, भाकरही थापते, वेडीवाकडी का होईना. तुला ओशाळून सांगते, आठवड्यातून दोनदा तरी निघण्याआधी मी ते घड्याळ मनगटावरून काढते आणि फळीवर ठेवते. आजही ठेवलं आहे. संध्याकाळी फोन येईल, तो ओरडेल, आणि मी मुकाट्यानं ऐकून घेईन.

तू ते खडे का टाकत होतीस हे मला आता कळलं, आणि कळून काय उपयोग? हा कागद डाळीच्या डब्यात ठेवते, दुसरीकडे कुठे पाठवू? एकच भीती वाटते. एखाद्या दिवशी मुलगा न सांगता येईल, फळीवरचं घड्याळ बघेल आणि म्हणेल, आई, असं पुन्हा करायचं नाही. आणि मी ऐकेन.